गोठलेली गुंतवणूक आणि मतांची मोजणी : कॅनडातील व्यापारी पत्रांच्या तडजोडीस छोट्या गुंतवणूकदारांचा विरोध (२००७ ते २००९)

सारांश

ऑगस्ट २००७ मध्ये कॅनडातील सुमारे ३२ अब्ज कॅनडियन डॉलर किमतीची मालमत्ता-आधारित व्यापारी पत्रे एकाएकी गोठली. मोठ्या संस्थांनी पुढाकार घेऊन तयार केलेल्या तडजोड योजनेला सुमारे १८०० छोट्या गुंतवणूकदारांनी विरोध केला. रकमेच्या दृष्टीने त्यांचा वाटा नगण्य होता, परंतु डोकी मोजणाऱ्या कायद्यामुळे त्यांचे मत निर्णायक ठरले. प्रस्तुत शोधनिबंधात या विरोधाची कारणे, त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा यांचा परामर्श घेण्यात आला आहे. विरोधामुळे बहुतेकांचे पैसे परत मिळाले, मात्र ज्या उत्तरदायित्वाच्या प्रश्नावरून विरोध सुरू झाला तो प्रश्न अनुत्तरित राहिला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीज संज्ञा : व्यापारी पत्र, छोटे गुंतवणूकदार, तडजोड योजना, धनकोंचे मतदान, दाव्यांपासून मुक्तता.

प्रास्ताविक

आर्थिक अरिष्टांचा इतिहास बहुधा बँका, मध्यवर्ती बँका व सरकारे यांच्या दृष्टिकोनातून लिहिला जातो. २००७-०८ च्या जागतिक वित्तीय अरिष्टाबाबतही हेच घडले. अमेरिकेतील गृहकर्जांचा फुगा, लेहमन ब्रदर्सची दिवाळखोरी आणि सरकारांनी बँकांना दिलेले अर्थसाहाय्य यांवर विपुल लेखन झाले. त्या मानाने निवृत्तीची पुंजी किंवा घर विकून आलेली रक्कम दोन-तीन महिन्यांसाठी सुरक्षित म्हणून गुंतवणाऱ्या सामान्य माणसाचा इतिहास उपेक्षित राहिला.

कॅनडातील व्यापारी पत्रांचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासनीय आहे. अडकलेल्या रकमेबाबत तडजोड सुचविली जाते तेव्हा ती स्वीकारायची की नाही हे कोण ठरविते, ज्याची रक्कम मोठी तो की ज्यांची संख्या मोठी ते, हा प्रश्न या प्रकरणात अत्यंत स्पष्ट स्वरूपात समोर आला. हा प्रश्न केवळ कॅनडापुरता मर्यादित नाही. म्हणूनच लेखाच्या उत्तरार्धात भारतीय कायद्याचा थोडक्यात संदर्भ घेतला आहे.

व्यापारी पत्रे कशी गोठली ?

व्यापारी पत्र म्हणजे अल्प मुदतीच्या कर्जाऊ रकमेची वचनचिठ्ठी होय. त्याची मुदत साधारणतः ३० ते ९० दिवसांची असते. मालमत्ता-आधारित व्यापारी पत्र, म्हणजेच ‘एबीसीपी’, थेट एखाद्या उद्योगाकडून न निघता त्यासाठी स्थापन केलेल्या न्यासाकडून निघते. न्यास पत्रे विकून पैसा उभारतो आणि त्यातून गृहकर्जे, वाहनकर्जे, क्रेडिट कार्डांवरील येणी अशी मालमत्ता खरेदी करतो. कॅनडातील अनेक न्यासांनी याही पुढे जाऊन पतजोखमीवर आधारलेली गुंतागुंतीची व्युत्पन्ने मोठ्या प्रमाणावर घेतली होती.

या रचनेत एक मूलभूत विसंगती होती. न्यासाची देणी काही आठवड्यांची, तर मालमत्ता अनेक वर्षांची होती. जुनी पत्रे फेडण्यासाठी नवी पत्रे विकली जात असेपर्यंत हे चक्र सुरळीत चालत असे. विक्री थांबल्यास काही बँकांनी रोख पुरवावी अशी तरतूद करारात होती. तथापि कॅनडात प्रचलित असलेल्या करारांनुसार ही रोख बहुतांशी ‘बाजारातील सर्वसाधारण विस्कळीतपणा’ निर्माण झाला तरच मिळणार होती. या अटीमुळे स्टँडर्ड अँड पुअर्स व मूडीज या पतमापन संस्थांनी अशा पत्रांना मानांकन देण्याचे टाळले होते. डीबीआरएस या एकाच कॅनडियन संस्थेने त्यांना उच्च मानांकन दिले आणि त्या आधारावर ती विकली गेली.

२००७ च्या मध्यास कॅनडातील मालमत्ता-आधारित व्यापारी पत्रांचा बाजार सुमारे ११६ अब्ज डॉलरचा होता. त्यापैकी मोठा भाग बँकांनी पुरस्कृत केलेला होता व त्यामागे बँका उभ्या राहिल्या. उरलेली सुमारे ३२ अब्ज डॉलरची पत्रे बँकेतर संस्थांनी पुरस्कृत केलेली होती. त्यांपैकी टोरांटो येथील कॉव्हेंट्री ही सर्वांत मोठी पुरस्कर्ती संस्था होती. अमेरिकी गृहकर्जांविषयी धास्ती पसरताच नव्या पत्रांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. १३ ऑगस्ट २००७ रोजी कॉव्हेंट्रीने जुनी पत्रे नव्याने बदलून देता येत नसल्याचे जाहीर केले. न्यासांनी बँकांकडे रोख मागितली असता, केवळ या पत्रांची विक्री थांबली म्हणजे संपूर्ण बाजार विस्कळीत झाला असे होत नाही, अशी भूमिका अनेक रोखपुरवठादार बँकांनी घेतली. पत्रधारकांचा पैसा जागच्या जागी अडकला.

माँट्रियल करार आणि पुनर्रचनेची योजना

१६ ऑगस्ट २००७ रोजी माँट्रियल येथे मोठे गुंतवणूकदार आणि काही बँका यांच्यात तात्पुरता समझोता झाला. कोणीही पैसे मागू नयेत, कोणीही तारण वाढवून मागू नये आणि दरम्यानच्या काळात तोडगा शोधावा, असे त्याचे स्वरूप होते. यामागे क्वेबेक प्रांतातील निवृत्तिवेतन निधी सांभाळणारी ‘केस दे देपो’ ही संस्था प्रमुख होती. तिच्याकडे एकट्याकडे सुमारे १३ अब्ज डॉलरची पत्रे होती. सप्टेंबरमध्ये अखिल कॅनडियन गुंतवणूकदार समिती स्थापन झाली व ज्येष्ठ विधिज्ञ पर्डी क्रॉफर्ड यांच्याकडे तिचे अध्यक्षपद सोपविण्यात आले.

२३ डिसेंबर २००७ रोजी समितीने योजनेची रूपरेषा जाहीर केली. अल्प मुदतीच्या पत्रांऐवजी पत्रधारकांना न्यासातील मालमत्तेच्या मुदतीशी जुळणारे दीर्घ मुदतीचे रोखे मिळणार होते. या रोख्यांची मुदत साधारणतः २०१६-१७ पर्यंत जाणार होती. तारण वाढवून मागण्याच्या अटी शिथिल होणार होत्या आणि गरज पडल्यास वापरण्यासाठी सुमारे १४ अब्ज डॉलरची पतसोय उभी राहणार होती. या बदल्यात योजनेशी संबंधित बँका, दलाल संस्था, पतमापन संस्था आणि न्यासांचे व्यवस्थापक यांना पत्रधारकांच्या सर्व दाव्यांपासून कायमची मुक्तता द्यावयाची होती.

१७ मार्च २००८ रोजी ओंटारियोच्या वरिष्ठ न्यायालयात ‘कंपनी धनको व्यवस्था अधिनियम’ या कायद्याखाली अर्ज दाखल करण्यात आला. हा कायदा १९३३ सालचा, म्हणजे महामंदीच्या काळातील आहे. डबघाईस आलेल्या कंपनीने धनकोंशी तडजोड करून व्यवसाय टिकवावा, हा त्याचा मूळ हेतू होता. न्यायमूर्ती कॉलिन कॅम्पबेल यांच्यासमोर हे प्रकरण चालले.

छोट्या गुंतवणूकदारांच्या विरोधाची कारणे

पत्रे घेतलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १८०० होती. त्यांपैकी सुमारे १४०० जण व्हँकुव्हर येथील कॅनाकॉर्ड या दलाल संस्थेचे ग्राहक होते व त्यांची एकत्रित रक्कम सुमारे २७ कोटी डॉलर होती. ३२ अब्जांच्या तुलनेत हा वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी होता. या व्यक्तींचा विरोध चार मुद्द्यांवर आधारलेला होता.

पहिला मुद्दा विक्रीच्या पद्धतीचा होता. बँकेतील मुदत ठेवीइतकीच सुरक्षित आणि तिच्याहून किंचित अधिक व्याज देणारी गुंतवणूक अशी आपली समजूत करून देण्यात आली, असे अनेकांचे म्हणणे होते. पतजोखमीची व्युत्पन्ने आपण विकत घेत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

दुसरा मुद्दा काळाचा होता. निवृत्तिवेतन निधीला आठ-नऊ वर्षे थांबणे शक्य असते, कारण संस्थेला वय नसते. सत्तरीतल्या माणसाला दिलेला २०१६ चा रोखा हा कागदोपत्री त्याच किमतीचा असला, तरी त्याच्या आयुष्यात त्याची किंमत तेवढी राहत नाही. घराच्या व्यवहारासाठी महिनाभर ठेवलेली रक्कम किंवा छोट्या व्यवसायाचे खेळते भांडवल यांबाबतही हेच म्हणता येईल.

तिसरा मुद्दा समान वागणुकीचा होता. नॅशनल बँक ऑफ कॅनडा या बँकेने ऑगस्ट २००७ मध्येच आपल्या म्युच्युअल फंडांकडील व किरकोळ ग्राहकांकडील सुमारे २ अब्ज डॉलरची पत्रे परत विकत घेतली होती. त्यामुळे एकाच प्रकारचे पत्र एका दुकानातून घेणाऱ्यास पूर्ण पैसे मिळाले आणि दुसऱ्या दुकानातून घेणाऱ्यास दीर्घ मुदतीचा रोखा स्वीकारण्यास सांगण्यात आले.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दाव्यांपासूनच्या मुक्ततेचा होता. ज्यांनी पत्रे तयार केली, ज्यांनी त्यांना मानांकन दिले आणि ज्यांनी ती विकली, त्या सर्वांना न्यायालयात खेचण्याचा अधिकार योजनेद्वारे संपुष्टात येत होता. विशेष म्हणजे या मंडळींपैकी काही स्वतः पत्रधारकही होत्या. सर्व पत्रधारकांचा एकच वर्ग मानला गेल्याने ज्यांना मुक्तता मिळणार होती आणि ज्यांचा हक्क जाणार होता, ते एकाच मतपेटीत मत टाकणार होते.

मतांची मोजणी

कायद्यानुसार योजना संमत होण्यासाठी दुहेरी बहुमत आवश्यक होते. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी संख्येने निम्म्याहून अधिक आणि रकमेने दोन तृतीयांश धनकोंची मान्यता मिळणे अनिवार्य होते. रकमेचे बहुमत समितीच्या हातात आधीपासूनच होते. संख्येचे बहुमत मात्र छोट्या गुंतवणूकदारांखेरीज मिळू शकत नव्हते. १३ अब्जांची संस्था आणि लाखभर डॉलरचा पेन्शनर या दोघांचेही संख्येच्या मोजणीत प्रत्येकी एकच मत होते. बहुसंख्य पत्रधारक व्यक्तीच असल्यामुळे एक टक्क्याहून कमी रकमेच्या धनकोंकडे ३२ अब्जांची योजना फेटाळण्याची शक्ती आली.

ही गोष्ट ध्यानात आल्यावर चित्र पालटले. मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभी क्रॉफर्ड यांच्या समितीने निरनिराळ्या शहरांत माहितीपर सभा घेतल्या. व्हँकुव्हरच्या सभेत छोट्या गुंतवणूकदारांचा रोष उघडपणे प्रकट झाला. तोपर्यंत योजनेत केवळ रकमेच्या रकान्यात असलेली ही माणसे आता वाटाघाटीचा विषय बनली.

एप्रिल २००८ च्या दुसऱ्या आठवड्यात कॅनाकॉर्डने दिलासा योजना जाहीर केली. दहा लाख डॉलरपर्यंत पत्रे असलेल्या ग्राहकांना दर्शनी किमतीइतकी पूर्ण रक्कम मिळणार होती. या मर्यादेत कॅनाकॉर्डचे बहुसंख्य ग्राहक येत होते. पतसंस्थांशी संलग्न असलेल्या क्रेडेन्शियल या दलाल संस्थेच्या ग्राहकांसाठीही अशीच व्यवस्था करण्यात आली. मात्र कॅनाकॉर्डच्या दिलाशाला एक अट जोडलेली होती. मूळ पुनर्रचना योजना संमत होऊन अमलात आली तरच ही रक्कम मिळणार होती. परिणामी ज्या मताने योजना फेटाळता आली असती, तेच मत तिच्या बाजूने टाकण्यात आता मतदाराचे हित सामावले होते.

२५ एप्रिल २००८ रोजी टोरांटो येथे मतदान झाले. ९६ टक्के पत्रधारकांनी योजनेच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती कॅम्पबेल यांच्या सूचनेवरून मतांची वेगळी फोड करण्यात आली तेव्हा योजनेच्या आखणीत सहभागी असलेल्यांपैकी ९९ टक्के, तर सहभागी नसलेल्यांपैकी ८० टक्के मते अनुकूल असल्याचे दिसून आले. हे आकडे योजनेस असलेल्या व्यापक पाठिंब्याचे द्योतक मानले गेले व एका अर्थी ते खरेही आहे. परंतु ज्यांना स्वतःची पूर्ण रक्कम परत मिळणार होती त्यांचा होकार हा योजनेतील दीर्घ मुदतीच्या रोख्यांना दिलेला होकार म्हणता येणार नाही. ते रोखे त्यांना घ्यावयाचेच नव्हते.

न्यायालयांची भूमिका

मतदानानंतरही मुक्ततेचा प्रश्न न्यायालयासमोर शिल्लक होता. फसवणुकीच्या दाव्यांपासूनही संपूर्ण मुक्तता देण्याबाबत न्यायमूर्ती कॅम्पबेल यांनी मे २००८ मध्ये साशंकता व्यक्त केली. त्यानंतर योजनेत दुरुस्ती होऊन फसवणुकीचे काही दावे मुक्ततेतून वगळण्यात आले. परंतु हा अपवाद अरुंद होता. असा दावा केवळ पत्रे विकणाऱ्या दलाल संस्थांविरुद्ध करता येणार होता. पत्रधारकास थेट केलेल्या आणि खोटे असल्याचे ठाऊक असलेल्या विधानांपुरताच तो मर्यादित होता आणि त्यात दंडात्मक भरपाई मागता येत नव्हती. ५ जून २००८ रोजी न्यायालयाने दुरुस्त योजनेस मंजुरी दिली.

या निर्णयाविरुद्ध ओंटारियोच्या अपील न्यायालयात गेलेल्या पत्रधारकांत प्रामुख्याने कंपन्या होत्या. त्यांची रक्कम दिलासा योजनेत बसत नव्हती. धनको व ऋणको यांच्यातील तडजोडीसाठी असलेल्या कायद्याचा आधार घेऊन त्रयस्थ व्यक्तींविरुद्धचे दावे नष्ट करता येणार नाहीत, तसेच हा नागरी हक्कांवर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८ ऑगस्ट २००८ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट ब्लेअर यांनी लिहिलेल्या निर्णयाने अपील फेटाळण्यात आले. कायद्यातील ‘तडजोड किंवा व्यवस्था’ ही शब्दयोजना व्यापक आहे आणि पुनर्रचनेशी मुक्ततेचा वाजवी संबंध असल्यास ती देता येते, असे न्यायालयाने ठरविले. १९ सप्टेंबर २००८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढील अपिलास परवानगी नाकारली.

न्यायालयांच्या भूमिकेमागील व्यवहार्य विचार दुर्लक्षिता येत नाही. बँका व दलाल संस्था योजनेत पैसा आणि पतसोय ओतत होत्या व त्या बदल्यात दाव्यांचा ससेमिरा संपावा ही त्यांची अट होती. योजना कोसळली असती तर तारणाची मालमत्ता मिळेल त्या किमतीला विकली जाऊन सर्वांचेच नुकसान झाले असते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतर ही भीती अनाठायी नव्हती हे सिद्ध झाले. डिसेंबरमध्ये केंद्र सरकार व क्वेबेक, ओंटारियो, अल्बर्टा या प्रांतांना ३.५ अब्ज डॉलरची जादा पतसोय द्यावी लागली, तेव्हाच २१ जानेवारी २००९ रोजी योजना प्रत्यक्षात उतरली. ऑगस्ट २००७ मध्ये अडकलेल्या रकमेसाठी छोट्या गुंतवणूकदारांना अशा प्रकारे सतरा महिने वाट पाहावी लागली.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

पत्रधारकांचे दावे बहुतांशी संपुष्टात आल्यावर जबाबदारी निश्चित करण्याचे काम नियामकांकडे आले. डिसेंबर २००९ मध्ये नियामक संस्थांनी सात वित्तीय संस्थांशी समझोते केले. त्यांतून मिळालेली एकूण रक्कम सुमारे १३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०११ मध्ये ओंटारियोच्या रोखे आयोगाने कॉव्हेंट्रीला १० लाख डॉलरचा दंड केला. गोठलेल्या ३२ अब्जांच्या मानाने या रकमा अल्प होत्या. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, पत्रे विकताना ग्राहकाला नेमके काय सांगितले गेले आणि मानांकन कोणत्या आधारावर दिले गेले, या प्रश्नांची खुल्या न्यायालयात ग्राहकाच्या दाव्यावरून सविस्तर तपासणी होण्याचा मार्ग मुक्ततेमुळे जवळजवळ बंद झाला.

भारतीय कायद्याचा संदर्भ

कॅनडातील छोट्या गुंतवणूकदारांना जी शक्ती लाभली ती कायद्यातील संख्येच्या मोजणीमुळे. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम ३९१ मध्ये तडजोडीसाठी अशीच दुहेरी कसोटी होती. संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश मान्यता तेथे अपेक्षित होती. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २३० मध्येही ती कायम आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत मात्र धनको समितीतील मतांची मोजणी केवळ रकमेच्या प्रमाणात होते.

या फरकाचा परिणाम मुंबईस्थित दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीच्या प्रकरणात पाहावयास मिळतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले व प्रकरण संहितेखाली गेले. मुदत ठेवीदारांनी पूर्ण परतफेडीची मागणी लावून धरली. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने योजना मंजूर करताना छोट्या ठेवीदारांच्या वाट्याचा फेरविचार सुचविला, परंतु धनको समितीने मूळ वाटप कायम ठेवले. समितीला ठेवीदारांच्या होकाराची गरज नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही योजना कायम केली. व्हँकुव्हरच्या गुंतवणूकदाराकडे जे हत्यार होते, ते मुंबईच्या ठेवीदाराकडे नव्हते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. छोट्या गुंतवणूकदारांचा विरोध परिणामकारक ठरला तो त्यांच्या तक्रारीच्या न्याय्यतेमुळे नव्हे, तर कायद्याने त्यांची डोकी मोजल्यामुळे. ऑगस्ट २००७ ते मार्च २००८ या काळात तक्रार तीच असूनही त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था झाली नव्हती. मतदान जवळ येताच ती झाली.

२. विरोधाचे यश वैयक्तिक स्वरूपाचे होते. दहा लाख डॉलरच्या आतील ग्राहकास पूर्ण रक्कम मिळाली. त्या मर्यादेबाहेरील पत्रधारकांना त्याचा लाभ झाला नाही.

३. परतफेड व उत्तरदायित्व या दोन मागण्या सुरुवातीस एकच होत्या. दिलासा योजनेने त्या एकमेकींपासून अलग केल्या. पहिली मान्य करून दुसरी निष्प्रभ करण्यात आली.

४. एका वर्गात भिन्न हितसंबंधांचे धनको एकत्र आणल्यास ९६ टक्के पाठिंब्याचा आकडाही संमतीचे पूर्ण चित्र देत नाही.

ज्या पेन्शनराची आयुष्याची पुंजी सतरा महिन्यांनी परत आली, त्याने योजनेच्या बाजूने मत दिले म्हणून त्यास दोष देता येणार नाही. त्याला वाट पाहण्यास वेळ नव्हता व तोच त्याचा मूळ आक्षेप होता. परंतु त्याचे पैसे कोणाच्या चुकीमुळे अडकले, या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याचा हक्क त्याने त्या मतासोबतच सोडून दिला. गोठलेल्या गुंतवणुकीच्या तडजोडींचा अभ्यास करताना किती रक्कम परत मिळाली याबरोबरच, ती मिळविण्यासाठी कोणता हक्क सोडावा लागला, याचीही नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेणे अगत्याचे आहे.